दगडफूल घ्यायचं तर काष्ठौषधीवाल्या अण्णांकडून

यंदाच्या उन्हाळ्यात मी ६० किलो मिरचीचा काळा मसाला करून दिला. किलोला ५० ग्रॅम या हिशेबानं तीन किलो दगडफूल लागलं आणि ते सगळं एकाच दुकानातून आणलं. गेली आठ वर्षं तिथूनच आणते. मसाल्याची ऑर्डर देताना बायका मिरची कुठली, खोबरं कुठलं, धने कसे, सगळं विचारतात. दगडफुलाचं कुणी विचारत नाही. मसाल्यात सगळ्यात जास्त फसगत होते ती मात्र त्याचीच, म्हणून या दुकानाबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

दुकान सोलापुरात, मधल्या मारुतीपासून आत, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत आहे. पाटी नाही. 'काष्ठौषधीवाले अण्णा' म्हटलं की हमाल असो, चहावाला असो, कुणीही दाखवतो. रुंदीला जेमतेम सहा फूट, आत मात्र लांबच लांब. पुढं मसाल्याचे डबे, मागं हिरडा, बेहडा, नागरमोथा, जटामांसी, मंजिष्ठा यांची पोती. अण्णा सत्तरीचे, कपाळाला भस्म. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि पूर्व भागातली आजी आली की तेलुगू. त्यामुळे एकाच पोत्याला इथं किती नावं ऐकू येतात! आपण दगडफूल म्हणतो, कन्नड बोलणारी 'कल्लू हूवू' मागते, तेलुगू बोलणारी पद्मशाली आजी 'राती पुव्वू'. तिन्हींचा अर्थ एकच. वैद्याच्या चिठ्ठीवर 'शैलेय' असतं आणि अत्तर-धूप करणारे 'छडीला' मागतात. अण्णा सगळ्यांना त्याच पोत्यातून देतात.

फूल म्हणतात खरं, पण ते फूल नाही, आणि बाजारात येतं त्यातलं बहुतेक दगडावरचंही नाही. झाडाच्या सालीवर वाढलेलं असतं. पहिल्या भेटीत मी मुद्दामच विचारलं, "अण्णा, हे कुठल्या दगडावरचं?" अण्णांनी पोत्यातून एक पापुद्रा काढला, उलटा केला, मागं चिकटलेली सालीची ढलपी नखानं उचकटून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "दगडावरचं कुठलं अक्का, झाडावरचं आहे बघा की. वर डोंगरातनं येतं, उत्तराखंडाकडनं. दिल्लीच्या खारी बावलीत उतरतं, तिथनं आपल्याकडं." त्या एका उत्तरावर मी त्यांची गिऱ्हाईक झाले. त्याआधी तीन दुकानांत विचारलं होतं, तिघांनीही छातीठोकपणे दगडावरचं म्हणून सांगितलं होतं.

मी हे का विचारते तेही सांगते. मी इथल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. मुलांसाठी काचपट्ट्या बनवणं, द्रावणं तयार करणं, नमुने जपणं हे माझं काम. दगडफूल शास्त्राच्या भाषेत शैवाक. त्याला एक जीव म्हणण्यापेक्षा संसार म्हणावा. कवक, म्हणजे बुरशीची एक जात, घर बांधतं; शैवल, म्हणजे सूक्ष्म हिरवं शेवाळ, त्या घरात राहून उन्हावर साखर करतं आणि दोघांचं भागतं. सायमन श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६७ साली हे मांडलं, तेव्हाच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी ते साफ धुडकावलं. पुढं त्याचंच खरं ठरलं. २०१६ साली तर असं दिसलं की बऱ्याच शैवाकांच्या वरच्या कातडीत यीस्टचंही बिऱ्हाड असतं.

या संसाराला मूळ नाही, साल नाही, पळून जायची सोय नाही. वाढही वर्षाला काही मिलिमीटर. तळहाताएवढा पापुद्रा व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. इतकी वर्षं उघड्यावर, उन्हात, पावसात, गोगलगायी आणि जंतूंच्या तावडीत टिकायचं तर अंगात काहीतरी हवं. म्हणून त्यातलं कवक स्वतःची रसायनं बनवतं. आजवर अशी हजाराहून जास्त सापडलीत आणि त्यातली बहुतेक शैवाकांखेरीज दुसरीकडं मिळत नाहीत. काही ऊन अडवतात, काही जंतूंना रोखतात, काही चवीला इतकी कडू की किडे तोंड लावत नाहीत. मसाल्यातल्या त्या करड्या चुऱ्याकडं मी त्या नजरेनं बघते, त्यामुळे ते निवडताना हात आपोआप हलका पडतो.

आता माल कसा आहे ते. मार्चमध्ये मी अण्णांकडचं १०० ग्रॅम आणि शहरातल्या दुसऱ्या एका चकचकीत दुकानातलं १०० ग्रॅमचं बंद पाकीट असं दोन्ही आणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरलं. अण्णांचा दर शंभराला ९० रुपये, किलोनं घेतलं तर ८२०. पाकिटाचे १४०. चाळणीतून चाळलं, सुपात पाखडलं, मग काड्या हातानं वेचल्या. अण्णांच्या मालात स्वच्छ दगडफूल ९१ ग्रॅम भरलं, सालीचे तुकडे आणि काड्या ६, माती-धूळ ३. पाकिटात स्वच्छ माल ७२ ग्रॅम. उरलेल्यात साल, माती, शेवाळाचे झुपके, पाइनच्या सुयांसारख्या काड्या. म्हणजे खऱ्या दगडफुलाचा भाव तिथं शंभराला जवळजवळ २०० रुपये पडला.

वजनानंतर मी पाण्याची परीक्षा घेते. ती कुणालाही करता येईल. पांढऱ्या ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात एक सुका पापुद्रा सोडायचा आणि घड्याळ लावून बघत बसायचं. सुका असताना तो राखाडी असतो, कडा किंचित वळलेल्या, खालची बाजू काळी. पाणी लागलं की वरची कातडी भिजून पारदर्शक व्हायला लागते आणि तिच्याखालचं शैवल दिसायला लागतं. दोन-तीन मिनिटांत राखाडी रंग जाऊन हिरवट झाक येते, कडा उलगडतात, पापुद्रा कापडासारखा मऊ पडतो. अण्णांकडचे दहातले आठ तुकडे असे हिरवे झाले. पाकिटातले बरेचसे तपकिरीच राहिले आणि पाणी चहासारखं गढूळ झालं. तो माल जुना होता किंवा कधीतरी भिजून सडून पुन्हा वाळवलेला होता. वास घेतला तर ओल्या गोणपाटाचा.

पुढची परीक्षा माझ्या जुन्या कामामुळं मला जमते. ती मी फक्त वेगळ्या काढलेल्या तुकड्यांवर करते आणि ते तुकडे नंतर टाकून देते, ते मसाल्यात जात नाहीत. बाजारात दगडफूल म्हणून येतं ते एकाच जातीचं नसतं. मुख्य जात पार्मोट्रेमा पर्लाटम, पण तिच्याबरोबर तिच्या बहिणी येतात, पार्मोट्रेमा टिंक्टोरम, पार्मोट्रेमा रेटिक्युलाटम आणि आणखी काही. भिंगातून पाहिलं तर पर्लाटमच्या कडेला बारीक काळे केस दिसतात, पापण्यांसारखे, आणि कडेवर पीठ भुरभुरल्यासारखी पूड असते. रेटिक्युलाटमच्या पाठीवर बारीक पांढऱ्या भेगांचं जाळं असतं. टिंक्टोरमला पापण्या नाहीत, अंगावर मात्र बारीक बारीक पुटकुळ्या. सुक्या, चुरलेल्या मालात हे नेहमी दिसतंच असं नाही. तेव्हा ब्लेडनं वरची राखाडी कातडी खरवडायची, आतला कापसासारखा पांढरा थर उघडा करायचा आणि त्यावर कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब टाकायचा. टिंक्टोरम असेल तर तो पांढरा थर बघता बघता कुंकवासारखा लाल होतो आणि थोड्या वेळात फिका पडतो. तो लाल रंग आतल्या लेकॅनोरिक आम्लाचा. पर्लाटम तसाच पांढरा राहतो.

ही थेंबाची युक्ती विल्यम नायलँडर या फिनलंडच्या शैवाकतज्ज्ञानं १८६६ साली काढली. श्वेंडनरला कडाडून विरोध करणाऱ्यांतला तो एक. आणि त्याच वर्षी त्यानंच हेही नोंदवलं की पॅरिस शहरातल्या धुरात शैवाकं टिकत नाहीत, लक्झेंबर्ग बागेत तेवढी उरलीत. एका माणसाचं एक म्हणणं साफ चुकलं आणि दोन म्हणणी दीडशे वर्षांनंतरही कामाला येतात. दुसऱ्या म्हणण्याकडं पुढं येते.

अण्णांच्या पोत्यातले वीस तुकडे घेतले, तीन लाल झाले. पाकिटातले वीस घेतले, नऊ लाल. शिवाय त्यात पिवळट हिरव्या दोऱ्यांचे गुंतवळ होते. ते अस्निया, दाढीसारखं लोंबणारं वेगळंच शैवाक. टिंक्टोरम असण्यात भेसळ नाही, ते सगळीकडं दगडफूल म्हणूनच विकलं जातं. माझ्या नाकाला मात्र तळल्यावर पर्लाटमचा वास जास्त गडद येतो. टिंक्टोरम या नावातच रंगारी आहे. त्यातल्या आम्लापासून अमोनियाच्या साहाय्यानं जांभळा रंग काढता येतो. याच गोत्रातल्या युक्तीनं, रोसेला नावाच्या दुसऱ्या शैवाकापासून, लिटमस बनायचा. शाळेत आम्ल-आम्लारी ओळखायला आपण जी निळी-लाल पट्टी बुडवायचो ती मुळात शैवाकाचीच देणगी. चादरींचा रंग कुठल्या कुंडीत कसा चढतो हे लहानपणापासून पाहिलेल्या सोलापूरकरांना याचं अप्रूप वाटेल म्हणून लिहिलं.

आता मूळ मुद्दा. हल्ली दगडफुलाच्या पाकिटांवर 'जंतुनाशक', 'अँटिऑक्सिडंट', 'मूतखड्यावर', 'वजनावर' असं छापलेलं असतं. वरच्या त्या पाकिटावरही होतंच. यातलं किती खरं?

पहिल्या दोन शब्दांत तथ्य आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी नोकरीत असताना तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं प्रकल्पासाठी दगडफूल घेतलं होतं. पूड रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवली, गाळलं, त्यात कागदाच्या छोट्या चकत्या भिजवून वाळवल्या. दुसऱ्या बाजूला तीच पूड पाण्यात उकळून काढा केला, त्याच्याही चकत्या. तिसऱ्या नुसत्या ॲसिटोनच्या, तुलनेसाठी. मग जंतू पसरलेल्या आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशांवर त्या ठेवल्या. एका बशीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो गळवांत, फोडांत सापडतो, दुसऱ्या बशीत ई. कोलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी उबवणीपेटीचं दार मी उघडलं. पहिल्या बशीवर जंतूंची दुधाळ साय धरली होती आणि अर्काच्या चकतीभोवती तेवढं स्वच्छ वर्तुळ, कडेकडेनं आखून घेतल्यासारखं. चकती सहा मिलिमीटरची, वर्तुळ बाराचं. ई. कोलायच्या बशीवर काही नाही, साय थेट चकतीला भिडलेली. काढ्याच्या चकतीभोवती दोन्ही बशांत काही नाही. नुसत्या ॲसिटोनभोवतीही नाही. ती मुलगी काढ्याचं बघून हिरमुसली होती. विभागातल्या मॅडम तिला म्हणाल्या, "अगं, हाच तुझ्या प्रकल्पाचा निष्कर्ष आहे. लिहून काढ."

कारण साधं आहे. शैवाकांची ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळतात. आणि ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो, तो या रसायनांना आत येऊ देत नाही. पेनिसिलिनच्या त्या काळात, १९४४ साली, अमेरिकेत पॉल बर्कहोल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच शैवाकांचे अर्क असेच जंतूंवर तपासले होते आणि अनेकांत ही ताकद सापडली होती. आपल्याकडं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतलं अस्निया घाटेन्सिस हे शैवाक प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता तपासली गेली. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यासाठी झाडावरचं वर्षानुवर्षांचं शैवाक ओरबाडावं लागत नाही.

अँटिऑक्सिडंटची चाचणीही आमच्याकडं व्हायची. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण असतं. त्यात अर्क घातला की जांभळा रंग उतरत पिवळा होतो, जितका उतरेल तितकी ताकद जास्त. शैवाकाच्या फिनॉल गटातल्या रसायनांनी तो उतरतो. खडकावर, फांदीवर उन्हात भाजून निघणाऱ्या, पुन्हा पुन्हा सुकणाऱ्या आणि भिजणाऱ्या जीवाला ते लागतंच. पण काचेच्या नळीतलं जांभळं पिवळं झालं म्हणून माणसाच्या रक्तात तेच होईल असं नाही. पोटात किती शोषलं जातं, यकृत त्याचं काय करतं, हे सगळे पुढचे प्रश्न. आणि आमटीच्या एका वाटीत दगडफूल जातं तरी किती? चिमटीच्या चिमटीएवढं.

पाकिटावर आणखी एक शब्द होता, 'अस्निक आम्लयुक्त'. त्याचा मला खरा राग आला. अस्निक आम्ल हे शैवाकांतलं सगळ्यात गाजलेलं जंतुरोधक, बरोबर आहे, पण ते अस्नियासारख्या पिवळट हिरव्या शैवाकांत असतं. पर्लाटमच्या राखाडी कातडीत ॲट्रानोरिन हे वेगळं रसायन असतं. एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवून विकायचं, हे बरोबर नाही. शिवाय अस्निक आम्ल ही खेळायची वस्तू नाही. वजन उतरवायच्या गोळ्यांत ते घालून विकलं गेलं आणि लोकांची यकृतं बिघडली. २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला तशा गोळ्यांबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. माझ्या धाकट्या जावेच्या मानेवर गजकर्ण झालं होतं. कुठल्याशा दुकानातून तिनं 'दगडफूल लेप चूर्ण' आणलं, खोबरेल तेलात कालवून चार दिवस लावलं. पाचव्या दिवशी मान लालबुंद, बारीक फोड, खाज इतकी की रात्रभर झोप नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी आधी लेप बंद करायला लावला. शैवाकांतल्या ॲट्रानोरिन आणि अस्निक आम्लासारख्या रसायनांनी काहींच्या कातडीला वावडं येतं, जंगलात लाकूडतोड करणाऱ्यांत ते पूर्वीपासून ठाऊक आहे. गजकर्णाला साधं मलम दिलं, ते नेमानं लावल्यावर महिन्याभरात बरं झालं. जाऊ मला म्हणाली, "वैनी, तुम्हीच तर म्हणायचा दगडफूल जंतू मारतं म्हणून." ते वाक्य मला अजून लागतं. मी बशीतलं सांगितलं होतं, तिनं मानेवर लावलं. त्यानंतर मी अर्धं सांगायचं बंद केलं.

आणि याच कारणासाठी मला अण्णांचं दुकान आवडतं. मागच्या महिन्यात मी तिथं उभी असताना एक तरुण मुलगा आला. मोबाइलवर व्हिडिओ लावलेला, तोच पुढं धरून म्हणाला, "पाव किलो दगडफूल द्या, वडिलांना मूतखडा आहे, काढा करून द्यायचाय." पाव किलो म्हणजे अण्णांचे दोनशे रुपयांच्या वर गेले असते. अण्णांनी तागडीला हात लावला नाही. "मसाल्याला पाहिजे असंल तर घे बाबा, किती पण घे. औषधाला पाहिजे तर वैद्याची चिठ्ठी आण. खडा किती मोठा आहे ते सोनोग्राफीत बघितलं का? नसंल तर आधी ते कर." मुलगा जरा नाराज होऊन गेला. अण्णा मला म्हणाले, "आमच्या पोथीत शैलेय आहे अक्का, मी नाही म्हणत नाही. पण ते कुणाला, कशाबरोबर, किती, हे मला कळत नाही. मी तोलणारा माणूस." आयुर्वेदाची औषधं विकणाऱ्या माणसानं हे म्हणणं याला मी पूर्ण गुण देते.

नायलँडरचं दुसरं म्हणणं आता. शैवाकाला मूळ नसल्यामुळं ते जे घेतं ते हवेतून आणि पावसातून, सगळ्या अंगानं. धूळ, धूर, शिसं, जे येईल ते साठत जातं. म्हणून तर जगभर हवेचं प्रदूषण मोजायला शैवाकं वापरतात. मग रस्त्याकडेच्या झाडावरून खरवडलेलं दगडफूल आणि आतल्या डोंगरातलं दगडफूल एकच कसं असेल? हे मी अण्णांना समजावून सांगितलं, तेव्हापासून ते व्यापाऱ्याला विचारतात आणि फार काळपट, धुरकट माल परत पाठवतात. तरी एक सांगते, पोत्यावर कुठल्या भागातला माल, कधी तोडलेला, याची चिठ्ठी नसते. अण्णांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. ही उणीव एकट्या अण्णांची नाही, सगळ्या बाजाराची आहे, पण आहे.

दुकानाच्या स्वतःच्या उणिवाही आहेत. दुपारी दोन ते चार बंद, आणि त्या वेळेत गेलं तर शेजारी नीट सांगतही नाहीत. गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जावं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. पुढचं पोतं दुपारनंतर थेट उन्हात येतं, ते आत सरकवा म्हणून मी दरवर्षी सांगते. सगळ्यात मोठी तक्रार पावसाळ्याची. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आणलेल्या अर्धा किलोला घरी आल्यावर कुबट वास आला, पसरून पाहिलं तर काही पापुद्र्यांवर पांढरी भुरी धरलेली. दगडफूल हवेतला ओलावा पटकन ओढतं, त्यामुळं पावसाळ्यात वजनात पाणीही विकत घ्यावं लागतं. जे जंतुनाशक म्हणून विकलं जातं त्यावरच बुरशी धरली होती, हे पाकिटवाल्यांनी बघायला हवं होतं. मी ते परत नेलं. अण्णांनी पुडा उघडून नाकाला लावला, एक शब्द न बोलता पैसे परत दिले आणि माझ्यासमोर ते पोतं मागच्या दारानं बाहेर काढायला लावलं. पण तो माल आधी विकायला ठेवला होता, हेही खरं. तेव्हापासून मी वर्षाचं दगडफूल एप्रिलमध्येच घेते, कडक उन्हाळ्यात दोन दिवस सावलीला पसरते आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरते. सोलापूरचा एप्रिल या कामाला उत्तम.

घेतल्यावर काय करायचं तेही सांगते, कारण चांगला माल आणून वाया घालवणारे खूप पाहिलेत. धुऊ नका. चाळा, पाखडा, काड्या वेचा. धुतलंच तर खडखडीत वाळवा. कच्च्या दगडफुलाला जवळपास वास नसतो, म्हणून लोकांना वाटतं माल खोटा आहे. कढईत चमचाभर तेल तापवून मंद आचेवर ते टाका. पंधरा-वीस सेकंदांत पापुद्रे आक्रसतात, कडा काळसर होतात आणि पहिला पाऊस पडल्यावर जळक्या लाकडाजवळ उभं राहावं तसा वास उठतो. त्याच क्षणी उतरवायचं. पाच सेकंद जास्त झाले की कडू होतं आणि तो कडूपणा डंकावर सगळ्या मसाल्याला लागतो. जी रसायनं पाण्याच्या काढ्यात उतरत नव्हती, त्यांच्या शेजारचा हा सुगंध तेलात मोकळा होतो, हे लक्षात घेतलं तर आपल्या आज्या मसाला तळून का कुटायच्या ते कळतं. लेप, काढे यांच्यापेक्षा येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीच्या, आमटीत त्याचं खरं चीज होतं.

जायचं असेल तर सकाळी दहा ते दीड या वेळेत जा, स्वतःची कापडी पिशवी न्या, वरचा माल न घेता पोत्याच्या मधला मागा. अण्णा नाही म्हणत नाहीत. चुरा घेऊ नका, अखंड पापुद्रेच घ्या, चुऱ्यात काय आहे ते भिंगालाही कळत नाही.

पुढच्या आठवड्यात बार्शीच्या एका लग्नाच्या येसराची ऑर्डर आहे, त्यासाठी अर्धा किलो राखून ठेवायला सांगितलंय. माल नव्या पोत्यातला आहे म्हणाले. चाळून, तोलून, ब्लीचचे वीस थेंब टाकून झाले की आकड्यांची इथंच भर घालीन.